ग्रॅन्युलाइट झालेल्या खडकातलं युरेनियम-थोरियम खरंच निघून जातं का?

गारगोटी (धागाकर्ती):

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज सविस्तर लिहिते. भूशास्त्र शिकताना आपण सगळेच एक वाक्य पाठ करतो, की भूकवचात खाली जावं तसे खडक जास्त जास्त रूपांतरित होत जातात आणि रूपांतरण वाढलं की उष्णता देणारी किरणोत्सारी मूलद्रव्यं, म्हणजे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम, खडकातून बाहेर पडून वर सरकतात, म्हणून वरचं कवच उष्णता जास्त देतं आणि खालचं कमी. मी हे परीक्षेत लिहिलंय, पुढे शिकवलंय सुद्धा. पण गेली काही वर्षं नाईस (पट्टेदार रूपांतरित खडक), मिग्मटाइट (अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला खडक) आणि ग्रॅन्युलाइटवर (फार जास्त तापमानाला रूपांतरित झालेला खडक) गॅमा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे गॅमा किरणांवरून ही तीन मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, टेकवत फिरतेय आणि आता माझं मत पक्कं झालंय की हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे पर्वतांच्या मुळाशी तापमान किती चढतं याचं गणितच चुकतं.

आधी थोडी पायाभूत माहिती, म्हणजे नवीन लोकांनाही येता येईल. खडकातली उष्णता येते मुख्यतः चार समस्थानिकांपासून: युरेनियम २३८, युरेनियम २३५, थोरियम २३२ आणि पोटॅशियम ४०. यांचा क्षय होताना जे अल्फा, बीटा कण आणि गॅमा किरण सुटतात ते आजूबाजूच्या खडकातच अडतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन तिथेच राहते. सूत्र सोपं आहे. युरेनियम आणि थोरियम पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) घ्या, पोटॅशियम टक्क्यांत घ्या, युरेनियमला ९.५२ ने, थोरियमला २.५६ ने, पोटॅशियमला ३.४८ ने गुणा, बेरीज करा, तिला घनतेने (किलो प्रति घनमीटर) गुणा आणि एक लाखाने भागा, की उत्तर येतं मायक्रोवॅट प्रति घनमीटरमध्ये. युरेनियम ४, थोरियम १६, पोटॅशियम साडेतीन टक्के असा ग्रॅनाइट धरला तर साधारण २.४ येतात.

२.४ मायक्रोवॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एक घन किलोमीटर खडक घेतला तर ते २.४ किलोवॅट झाले, म्हणजे बाथरूममधला एक गीझर, जो कोट्यवधी वर्षं कधी बंदच होत नाही.

आता हिशेबाची बाजू. खंडांवर जमिनीतून बाहेर येणारी उष्णता सरासरी ६५ मिलिवॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास आहे. चाळीस किलोमीटर जाडीचं अख्खं कवच जर २ मायक्रोवॅटचं असतं तर एकट्या कवचातूनच ८० मिलिवॅट आले असते, प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, काहीही न येता. म्हणजे ही मूलद्रव्यं वरच जास्त असणार हे उघड आहे, त्याबद्दल माझा वादच नाही. १९०६ साली रॉबर्ट स्ट्रट यांनी खडकांमधलं रेडियम मोजून हाच तर्क लढवला होता, की ग्रॅनाइटइतकं रेडियम असलेला खडक पृथ्वीत फार खोलवर असूच शकत नाही, नाहीतर बाहेर येणारी उष्णता कितीतरी जास्त असती.

माझा प्रश्न वेगळा आहे. वर जास्त आणि खाली कमी, हे रूपांतरणामुळे झालं की मुळात खाली खडकच वेगळ्या जातीचे आहेत म्हणून? आपण परिणाम बघतो आणि कारण म्हणून रूपांतरणाचं नाव लावून मोकळे होतो.

मला शंका पहिल्यांदा आली ती एका मिग्मटाइटच्या उघड्या कातळावर. पांढऱ्या शिरा आणि काळे पट्टे दोन्ही चांगले दीड-दोन मीटर रुंद होते (मुद्दाम तशी जागा शोधली, कारण यंत्राला साधारण मीटरभर घेराचा आणि फूटभर खोलीचा खडक 'दिसतो', बारीक शिरांवर आकडे एकमेकांत मिसळतात). पांढरी शीर म्हणजे वितळून गोठलेला रस, काळा पट्टा म्हणजे रस निघून गेल्यावर उरलेला गाळ. शिकल्याप्रमाणे थोरियम रसात हवं. मी पांढऱ्यावर यंत्र ठेवलं, मग काळ्यावर, मग पुन्हा पांढऱ्यावर, जागा बदलून संध्याकाळपर्यंत तेच करत राहिले, आणि दर वेळी थोरियम काळ्यात जास्त. तुमचे अनुभव काय आहेत?

नवखा_वाचक:

ताई, लेख आवडला, पण एक अगदी प्राथमिक शंका. गीझर कधी बंदच होत नसेल तर डोंगरातला ग्रॅनाइट तापून लाल का होत नाही? हाताला तर गार लागतो.

गारगोटी:

चांगला प्रश्न आहे, प्राथमिक वगैरे म्हणू नका. वरचा खडक उष्णता पटकन बाहेर देऊन टाकतो म्हणून तो तापत नाही. हाच खडक तीस किलोमीटर खाली गाडला आणि समजा उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही तर २ मायक्रोवॅटचा खडक दर दहा लाख वर्षांना साधारण २३ अंशांनी तापतो. म्हणजे एक कोटी वर्षांत २३० अंश. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटत राहते त्यामुळे एवढं होत नाही, पण पस्तीस किलोमीटर जाडीच्या थरातून उष्णता वहनाने बाहेर पडायला कोट्यवधी वर्षं लागतात, म्हणून दोन खंड एकमेकांवर आदळून कवच दुप्पट जाड झालं की आतला भाग बराच काळ तापत राहतो. म्हणूनच खालच्या खडकात थोरियम राहिलं का गेलं हा माझ्यासाठी जीव टाकण्याचा विषय आहे.

काळाकातळ:

गारगोटी, धागा उत्तम, पण मी विरोधी बाजूने बोलणार. एका कातळावरच्या वाचनावरून साठ वर्षांचं काम बाजूला सारता येणार नाही. क्नुट हायर यांनी १९६० च्या दशकात नॉर्वेतल्या लोफोटेन-व्हेस्टेरॉलेन भागात हेच मोजलं होतं. अॅम्फिबोलाइट दर्जाच्या (मध्यम तापमानाला रूपांतरित झालेल्या) नाईसकडून ग्रॅन्युलाइट दर्जाकडे जाताना युरेनियम आणि थोरियम दोन्ही स्पष्ट घसरतात. स्कॉटलंडच्या वायव्येचे लुइशियन ग्रॅन्युलाइट घ्या, तिथे युरेनियम, थोरियम, रुबिडियम इतकं कमी आहे की पोटॅशियम-रुबिडियमचं गुणोत्तर कुठच्या कुठे गेलंय. त्या खडकांतून काहीतरी निघून गेलंय याबद्दल कुणाला शंका नाही.

शिवाय १९६८ चा तो प्रसिद्ध सरळ रेषेचा आलेख आहे ना, बर्च, रॉय आणि सहकाऱ्यांचा. ग्रॅनाइटांच्या प्रदेशात पृष्ठभागावरच्या खडकाची उष्णतानिर्मिती आडव्या अक्षावर आणि उष्णताप्रवाह उभ्या अक्षावर मांडला की ठिपके एका रेषेत येतात, आणि रेषेच्या चढावरून निघतं की किरणोत्सारी थराची जाडी दहा किलोमीटरच्या आसपास आहे. लाखेनब्रुख यांनी १९७० साली दाखवलं की खोलीबरोबर मूलद्रव्यं घातांकी पद्धतीने कमी होत गेली तर वेगवेगळी झीज होऊनही ही रेष टिकते. म्हणजे वर सरकण्याची काहीतरी सलग प्रक्रिया आहेच. ती रूपांतरण आणि वितळण नाही तर कोणती?

उष्माप्रवाह:

काळाकातळ, त्या घातांकी वक्राबद्दल मला बोलू द्या, हा माझा रोजचा विषय आहे.

तो वक्र गणिताला फार सोयीचा आहे म्हणून टिकला असं माझं प्रामाणिक मत आहे. तो तपासायचा सरळ मार्ग म्हणजे खोल भोक पाडून बघणं, आणि ते दोन ठिकाणी चांगलं झालंय. जर्मनीत केटीबी या खोल खोदाई प्रकल्पाचं भोक १९९४ मध्ये ९,१०१ मीटरवर थांबलं, तळाशी तापमान सुमारे २६५ अंश. नऊ किलोमीटर म्हणजे त्या दहा किलोमीटरच्या जाडीच्या जवळपास पोचलो, तर तळाशी उष्णतानिर्मिती वरच्यापेक्षा निम्म्याहून कमी दिसायला हवी होती. तसा काही सलग उतार दिसला नाही. जिथे नाईस लागला तिथे आकडा वर, जिथे मेटाबेसाइट (रूपांतरित बेसाल्टी खडक) लागला तिथे खाली, पुन्हा नाईस लागला की पुन्हा वर.

रशियातलं कोलाचं भोक तर १२,२६२ मीटर. तिथे वरचे सहा-सात किलोमीटर बहुतेक जुने ज्वालामुखी आणि गाळाचे रूपांतरित खडक आहेत, त्यात उष्णतानिर्मिती कमी, आणि त्याखाली आर्कियन (अडीच अब्ज वर्षांहून जुना) नाईस सुरू होतो तिथे ती वाढते. खाली जाऊन वाढते! तळाशी तापमान १८० अंशांच्या आसपास निघालं, जे आधीच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त होतं.

तेव्हा खोली हे कारण नव्हेच, खडकाची जात हे कारण आहे. घातांकी वक्र म्हणजे अनेक ठिकाणची सरासरी म्हणून फार तर चालेल, एका ठिकाणच्या कवचाचं चित्र म्हणून नाही.

काळाकातळ:

भोकांचं मान्य. पण ती दोन्ही भोकं वरच्या कवचातच संपली, ग्रॅन्युलाइटपर्यंत पोचलीच नाहीत. खालच्या कवचाची सरासरी जी सगळे वापरतात ती युरेनियम ०.२, थोरियम १.२ पीपीएम आणि पोटॅशियम अर्धा टक्का अशी आहे, म्हणजे ०.२ मायक्रोवॅट. वरच्या कवचात युरेनियम २.७, थोरियम १०.५, पोटॅशियम २.३ टक्के, म्हणजे १.६ मायक्रोवॅट. आठपट फरक आहे. तो कुठून आला?

गारगोटी:

त्या ०.२ मध्ये मुख्य वाटा कुणाचा आहे ते बघा ना. खालच्या कवचाची ती सरासरी बेसाल्टच्या रचनेकडे झुकलेली आहे. बेसाल्टी खडकात मुळातच युरेनियम-थोरियम कमी, ते रूपांतरित होवो न होवो. त्यामुळे आठपट फरकातला मोठा भाग रचनेचा आहे. मी बोलतेय ते गाळाच्या खडकांपासून झालेल्या ग्रॅन्युलाइटबद्दल, ज्यात चिकणमातीचा अंश जास्त, गार्नेट, सिलिमनाइट, कॉर्डिएराइट ही खनिजं येतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांचं काम छापून आलं, त्यात असेच गाळापासूनचे खडक कमी दर्जापासून ग्रॅन्युलाइटपर्यंत सलग तपासले आणि उष्णता देणारी मूलद्रव्यं दर्जाबरोबर कमी झालेली नाहीत असंच निघालं. तेव्हा माझा कातळ एकटा नाही.

सूक्ष्मदर्शी:

उशिरा आलो, पण बरोबर ठिकाणी आलो असं वाटतंय. इथे सगळे खडकाबद्दल बोलताय, मला खनिजाबद्दल बोलायचंय, कारण युरेनियम आणि थोरियम 'खडकात' नसतातच, ते बारीक बारीक दाण्यांत असतात.

बायोटाइट (काळं अभ्रक) असलेल्या नाईसचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. तपकिरी बायोटाइटमध्ये इकडे तिकडे काळपट गोल डाग दिसतील, आणि मोठं केलं की प्रत्येक डागाच्या मध्यभागी एक इवलासा दाणा, झिरकॉन किंवा मोनाझाइट. तो डाग म्हणजे त्या दाण्यातून सुटलेल्या अल्फा कणांनी बायोटाइटची केलेली नासधूस. अल्फा कण बायोटाइटमध्ये फार फार तर तीस-चाळीस मायक्रॉन जातो म्हणून डागाची कड ठरलेल्या अंतरावर थांबते. जॉन जोली यांनी १९०७ साली या डागांचं कारण ओळखलं होतं. कॉर्डिएराइटमध्ये हेच डाग पिवळेजर्द दिसतात. मला आजही असा काप फिरवताना थांबावंसं वाटतं, कारण या धाग्यात ज्या उष्णतेची चर्चा चाललीय ती जिथे तयार होते ती जागा डोळ्यांनी दिसते.

आता कामाचं. चिकणमातीच्या खडकात थोरियमचा बहुतेक साठा मोनाझाइटमध्ये असतो. मोनाझाइट म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं फॉस्फेट, त्यात थोरियम ऑक्साइड बऱ्याचदा चार ते दहा-बारा टक्के. युरेनियम थोडं मोनाझाइटमध्ये, थोडं झिरकॉनमध्ये, थोडं झेनोटाइममध्ये, क्वचित युरेनिनाइटमध्ये. पोटॅशियम मात्र अभ्रक आणि पोटॅश फेल्स्पारमध्ये. तिघांची घरं वेगळी, त्यामुळे तिघं एकत्र निघून जातील ही अपेक्षाच चुकीची आहे.

खडक वितळायला लागतो तेव्हा आधी मस्कोवाइट (पांढरं अभ्रक) मोडतं, ६५० ते ७५० अंशांच्या दरम्यान, मग बायोटाइट, साधारण ८०० च्या पुढे. त्यातलं पोटॅशियम रसात जातं, पण सगळं नाही, कारण मोडताना पोटॅश फेल्स्पारही तयार होतो आणि तो बराचसा मागे राहतो. मोनाझाइट मात्र रसात विरघळायला फार नाखूश. रस जितका गरम आणि जितका पाणीदार तितकं ते जास्त विरघळतं, आणि रसात फॉस्फरस आधीच भरपूर असेल तर कमी विरघळतं. चिकणमातीच्या खडकातून येणारा रस थोडं मोनाझाइट खातो, पोट भरलं की थांबतो, बाकीचे दाणे तसेच राहतात.

त्यातही कित्येक दाणे बायोटाइट किंवा गार्नेटच्या पोटात बंद असतात. रसाचा त्यांना स्पर्शच होत नाही. ते जिवंत राहतात याचा पुरावा म्हणजे ग्रॅन्युलाइटमधल्या मोनाझाइटचं वय काढलं की काही दाण्यांचा गाभा ग्रॅन्युलाइट होण्याच्या आधीच्या वयाचा निघतो. गारगोटी ताईंच्या काळ्या पट्ट्यात थोरियम जास्त का, तर बायोटाइट आणि गार्नेट मागे राहिले आणि त्यांच्या पोटातले दाणे पण.

गारगोटी:

सूक्ष्मदर्शी, हेच हवं होतं. यावर एक छोटं गणित मांडते. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या ठरावीक खडकाचे नाहीत.

समजा एक चिकणमातीचा खडक, थोरियम १८, युरेनियम ३.५ पीपीएम, पोटॅशियम ३.२ टक्के, घनता २,७५०. उष्णतानिर्मिती २.४९ येते. तो वितळला आणि वजनाचा पाव हिस्सा रस होऊन निघून गेला. रसात थोरियम ५, युरेनियम ४, पोटॅशियम ४.२ टक्के होतं असं धरा. मागे राहिलेल्यात थोरियम किती? १८ मधून पाव गुणिले ५ वजा करा, म्हणजे १६.७५, आणि ते आता पाऊण वजनात आहे, म्हणून २२.३. थोरियम वाढलं! युरेनियम ३.३३, जवळपास तेवढंच. पोटॅशियम २.८७ टक्के, थोडं घटलं. आणि रस गेल्यामुळे खडक जड झाला, घनता २,८५० धरू. नवीन उष्णतानिर्मिती २.८२.

म्हणजे खडकाने पाव हिस्सा रस गमावला, तो वर कुठेतरी ग्रॅनाइट होऊन बसला, आणि खाली उरलेला खडक आधीपेक्षा जास्त उष्णता देतोय. पाठ केलेल्या वाक्याच्या नेमकं उलट.

काळाकातळ:

गणित पटलं, पण ते सगळं उभं आहे 'रसात थोरियम ५' या एका आकड्यावर. तो २५ धरला तर उत्तर फिरेल. आणि लुइशियनचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सूक्ष्मदर्शी:

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. रसात थोरियम ५ का २५ हे तापमानावर अवलंबून आहे, ९०० अंशांच्या वर गेलं की रसाची भूक वाढते आणि तिथे मोनाझाइट खरंच संपू शकतं. म्हणून मी 'कधीच जात नाही' असं म्हणणार नाही.

लुइशियनचं उत्तर कॅल्शियमात आहे असं मला वाटतं. ते नाईस चिकणमातीचे नाहीत, टोनालाइट जातीच्या अग्निज खडकांपासून झालेत. कॅल्शियम जास्त असलेल्या खडकात मोनाझाइट बनतच नाही सहसा, त्याऐवजी अॅलॅनाइट, टायटॅनाइट, अॅपेटाइट. थोरियम अॅलॅनाइटमध्ये बसलेलं असतं आणि अॅलॅनाइट तापमानाला मोनाझाइटसारखं चिवट नाही. ते मोडलं की थोरियमला राहायला जागा नाही, रस किंवा द्रव जो वाटेत येईल त्याच्याबरोबर निघतं. शिवाय युरेनियमचा काही भाग दाण्यांच्या सीमांवर सैलसर चिकटलेला असतो, तो सगळ्यात आधी धुऊन जातो. म्हणजे हायर यांनी मोजलं ते बरोबर, गारगोटी ताईंनी मोजलं तेही बरोबर, खडक वेगळे.

काळाकातळ:

हे मला मान्य. म्हणजे 'ग्रॅन्युलाइट' हा एक गठ्ठा करून सरासरी काढणं हीच खरी चूक. मूळ खडक चिकणमातीचा की टोनालाइटचा हे विचारल्याशिवाय तक्ता भरायचाच नाही. माझ्याकडच्या जुन्या तक्त्यात सगळे ग्रॅन्युलाइट एका रकान्यात आहेत, ते आता वेगळे करतो.

डोंगरवाटा:

थोडं मोजमापाबद्दल लिहितो कारण निम्मे वाद तिथेच जन्माला येतात. आम्ही एकदा ग्रॅन्युलाइटची पावडर एका प्रयोगशाळेत पाठवली (नाव घेत नाही), आकडे आले आणि युरेनियम इतकं कमी की आम्ही आनंदाने 'युरेनियम निघून गेलं' असा मसुदा पण लिहायला घेतला. नंतर लक्षात आलं की झिरकोनियमचा आकडा पण अशक्य वाटावा इतका कमी आहे. नमुना नुसत्या आम्लात विरघळवला होता, झिरकॉनचे दाणे विरघळलेच नव्हते, तळाशी गाळ म्हणून फेकले गेले होते आणि त्यांच्याबरोबर युरेनियम. पुन्हा वितळवून, म्हणजे फ्यूजन करून तपासलं तेव्हा आकडा वर आला. तीन महिने गेले आणि मसुदा फाडला. तेव्हापासून मी कुठल्याही जुन्या तक्त्यात आधी झिरकोनियम बघतो, मग युरेनियम.

दुसरं, दाण्यांची संख्या. सूक्ष्मदर्शींनी मोनाझाइट सांगितलं त्यावर हिशेब करा. सव्वापाच टक्के थोरियमचं मोनाझाइट असेल तर खडकात १५ पीपीएम थोरियम यायला वजनाच्या ०.०३ टक्क्याहूनही कमी मोनाझाइट पुरतं. एक किलोत पाव ग्रॅमच्या किंचित वर. दाणे शंभर मायक्रॉनचे धरले तर ५० मिलिग्रॅमच्या नमुन्यात सरासरी तीन दाणे. एखादा कमी-जास्त झाला की थोरियम तिसऱ्या हिश्श्याने बदललं! म्हणून भरपूर खडक फोडायचा, मैद्यासारखा बारीक करायचा, मगच चिमूट घ्यायची. कातळावर टेकवायचा स्पेक्ट्रोमीटर या बाबतीत उलट चांगला, तो शेकडो किलो खडक एकदम बघतो.

गारगोटी:

अगदी. पण स्पेक्ट्रोमीटरचेही नखरे आहेत. सपाट कातळावरच ठेवायचा, खडकाच्या कोपऱ्यात किंवा घळीत ठेवला की बाजूच्या भिंतीही मोजल्या जातात आणि सगळे आकडे फुगतात. आणि तो युरेनियम थेट मोजत नाही, त्याच्या क्षयाच्या साखळीत पुढे तयार होणाऱ्या बिस्मथ २१४ चा १.७६ एमईव्ही ऊर्जेचा गॅमा मोजतो, थोरियमसाठी थॅलियम २०८ चा २.६१, पोटॅशियमचा मात्र स्वतःचा १.४६. युरेनियमच्या साखळीत मध्ये रेडॉन वायू आहे, भेगाळलेल्या झिजलेल्या खडकातून तो निसटला तर युरेनियम कमी दिसतं. ताजा कातळ नसेल तर मी वाचन घेतच नाही.

नवखा_वाचक:

सगळं वाचतोय, हळूहळू कळतंय. एक विचारतो, युरेनियम आणि थोरियम नेहमी जोडीने बोलता पण मघापासून दिसतंय की युरेनियम लवकर जातं आणि थोरियम राहतं. दोघं इतके सारखे असताना असं का?

सूक्ष्मदर्शी:

प्रश्न नेमका आहे. थोरियमला एकच अवस्था माहीत आहे, चार धन प्रभार, आणि त्या अवस्थेत ते साध्या पाण्यात विरघळायला जवळपास तयारच नसतं. युरेनियमही चार धन असतं तोवर तसंच वागतं, दोघांचा आकारही जवळजवळ सारखा म्हणून एकाच खनिजात शेजारी बसतात. पण ऑक्सिजन थोडा जास्त मिळाला की युरेनियम सहा धन होतं, दोन ऑक्सिजन धरून युरेनिल बनतं, आणि ते द्रवाबरोबर सहज वाहून जातं. रूपांतरण होताना अभ्रकातून पाणी सुटतं, खडक वर येताना पुन्हा बाहेरचं पाणी शिरतं, दर वेळी युरेनियमला निघायची संधी असते, थोरियमला नसते. रसातही तेच, युरेनियमचं घर मोनाझाइटपुरतं मर्यादित नसल्यामुळे ते रसात जास्त प्रमाणात जातं.

याची खूण म्हणजे थोरियम भागिले युरेनियम. वरच्या कवचात ते चारच्या आसपास असतं, वर काळाकातळ यांनी खालच्या कवचाची जी सरासरी दिली त्यात सहा येतं, आणि काही ग्रॅन्युलाइटमध्ये त्याहून बरंच जास्त. तुम्हाला एखादा खडक दिला आणि हा भागाकार दहा-पंधरा आला तर काहीतरी निघून गेलंय हे समजा, पण ते बहुधा युरेनियम आहे, थोरियम नाही.

उष्माप्रवाह:

आणि इथेच उष्णतेच्या हिशेबाला मोठा अर्थ येतो. चिकणमातीच्या खडकात आज उष्णतेचा अर्धा किंवा त्याहून जास्त वाटा थोरियमचा असतो (गारगोटींच्या गणितात घनतेने गुणण्याआधीची बेरीज ९० येते, त्यातले ४६ थोरियमचे). म्हणजे युरेनियम थोडं गेलं तरी मुख्य इंधन खालीच आहे. नऊशे अंशांच्या वर रूपांतरित झालेले आणि तिथेच कोट्यवधी वर्षं राहिलेले खडक सापडतात तेव्हा लोक लगेच प्रावरणातून उष्णता आणायला धावतात. काही ठिकाणी ती आलीही असेल. पण जाड कवचात २.५-३ मायक्रोवॅटचे खडक गाडले गेले आणि वरून झीज मंद असली तर आतूनच ते तापमान गाठता येतं, फक्त वेळ द्यावा लागतो. त्यात रस निघून गेल्यावर एक गोष्ट आणखी होते: पुढची उष्णता वितळवण्यात खर्च होत नाही, सगळी तापमान वाढवायला मिळते. रस गेलेला खडक जास्त सहज तापतो आणि त्याच्याकडे थोरियमही आहे.

दक्षिण भारतातला केरळचा खोंडालाइट पट्टा याचं छान उदाहरण आहे, अतिउच्च तापमानाचे गार्नेट-सिलिमनाइट नाईस, आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत जे मोनाझाइट मिळतं ते अशाच खडकांच्या झिजेतून आलेलं. थोरियम वर पळून गेलं असतं तर त्या वाळूत मोनाझाइट आलं कुठून?

अजून एक, जुने खडक तपासताना आजचा आकडा वापरू नका. तीन अब्ज वर्षांपूर्वी वरच्या कवचासारख्या खडकाची उष्णतानिर्मिती आजच्या दुपटीहून थोडी जास्त होती. पोटॅशियम ४० चं अर्धायुष्य १.२५ अब्ज वर्षं, म्हणून त्याचा वाटा तेव्हा पाचपट होता, युरेनियम २३५ चा तर एकोणीसपट. थोरियमचं अर्धायुष्य १४ अब्ज, ते जेमतेम सोळा टक्के जास्त. म्हणजे आर्कियनमध्ये पोटॅशियम गेलं का राहिलं याला आजच्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व होतं.

काळाकातळ:

हा शेवटचा मुद्दा फार चांगला. लुइशियनचं ग्रॅन्युलाइट होणं साधारण २.७ अब्ज वर्षांपूर्वीचं, तेव्हा त्या खडकांनी पोटॅशियम गमावलं म्हणजे उष्णतेचा मोठाच वाटा गमावला. मी आजच्या आकड्यांनी विचार करत होतो.

गारगोटी, आता एकच मागणं. तुमच्या काळ्या पट्ट्याचे काप केले का? थोरियम जास्त आहे हे यंत्राने सांगितलं, पण मोनाझाइट पोटात बंद आहे म्हणून राहिलं की रसाची भूक आधीच भागली म्हणून राहिलं, हे काप बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

गारगोटी:

केलेत, पण मोजलेले नाहीत. चार काप आहेत. सूक्ष्मदर्शींनी सांगितलं तसं प्रत्येक मोनाझाइट दाणा नोंदवते: गार्नेटच्या आत, बायोटाइटच्या आत, की दाण्यांच्या सीमेवर. सीमेवरचे दाणे कडेने खाल्लेले दिसले आणि आतले धड राहिले तर बंद असण्यामुळे वाचले. सीमेवरचेही धड असतील तर रस आधीच भरलेला होता. पांढऱ्या शिरेचे दोन काप पण करून घेते, तिथे मोनाझाइट आहे का नाही तेही कळेल. डोंगरवाटा, उरलेला तुकडा पाच-सहा किलोचा आहे, तो फ्यूजनसाठी फोडून ठेवते. मोजणी झाली की याच धाग्यावर आकडे टाकते.